सैल होईल तो आपला

शिंप्याला बिनमापाचं शिवायला लावू नये. मी ट्रक चालवणारा माणूस, मला कापडातलं काय कळणार. पण हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो.

आमची पलटण तेव्हा परमुलखात होती. आपलं आणि तिथल्या सरकारचं काहीतरी ठरलेलं, की त्यांच्यावर कुणी चालून आलं तर आम्ही आडवं उभं राहायचं. चालून येणारे कोण, तर त्यांचीच माणसं, डोंगरापलीकडची. तिथला जो मुख्य होता त्याला आम्ही आपापसात दाजी म्हणायचो, कारण सगळा कारभार त्याच्या बायकोचा भाऊ बघायचा. तो मेव्हणा. लहानथोर सगळे त्याला मेव्हणाच म्हणायचे, आमचे मोठे साहेबसुद्धा, फक्त दार लावून. गोल पोटाचा, गोड बोलणारा. आपली भाषा मोडकीतोडकी यायची त्याला, पण मागायचं असलं की अगदी स्वच्छ यायची.

मी बंदरावरून डिझेल आणून त्याच्या गोदामात उतरवायचो, आणि लगेच तेच डिझेल, आपल्याच शिक्क्याच्या डब्यात, रस्त्याकडेला विकायला मांडलेलं दिसायचं. घोंगड्यांचं तेच, औषधांचं तेच. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, इथं कुंपणाला आम्ही पहारा देत होतो. रस्त्यातली माणसं आमचा ट्रक दिसला की पलीकडच्या बाजूला जायची. शिवी नाही, दगड नाही. नुसती बाजू बदलायची.

आमच्या पलटणीचा शिंपी म्हणजे मामा. त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आमच्यातच शिपाई होता, तो मामा म्हणायचा म्हणून सगळेच म्हणायला लागले. पोराचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. त्याला नाव पडलं तराजू. बाप लहानपणीच गेलेला, मामानंच वाढवला. अंगड्यापासून वर्दीपर्यंत त्याच्या अंगाला दुसऱ्या शिंप्याची सुई लागली नाही. निघताना मामा बहिणीला सांगून आला होता, "जसा नेतोय तसा आणून देईन." आता लढाईवर जाताना असं कुणी बोलतं का? पण बोलला. आणि ते बोलणं त्याच्या मानगुटीवर बसलेलं होतं.

तराजूची चौकी डोंगराच्या धारेखाली. धारेवर दाजीचं सैन्य, खाली आमची पोरं, असं ठरलेलं. कागदावर.

मामाचं दुकान होतं एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. हातभर जाड भिंती, खिडकी नाही, एकच लोखंडी दार. बर्फ संपून वर्षं झाली होती, पण गारवा भिंतीतून गेला नव्हता. भर दुपारी आत गेलात तरी मानेवर कुणी ओला हात ठेवल्यासारखं व्हायचं. मामा तिथं कानटोपी घालून मशीन चालवायचा.

एका दुपारी मी तिथं चहा पीत बसलो होतो. आमच्या साहेबांची दुभाषी ताई आली, कोटाचं अस्तर लावून घ्यायला. तिथलीच मुलगी ती, चार भाषा बोलायची, आणि आपल्या भाषेत थट्टाही करायची.

"तुम्ही जाणार म्हणे," ती म्हणाली.

"तुझ्या तोंडात साखर पडो," मामा म्हणाला.

"मामा, तुमची साखर ते माझं विष. तुम्ही गेलात की डोंगरापलीकडचे पहिल्यांदा मला शोधतील. तुमच्या साहेबांची जीभ मी."

"म्हणजे आम्ही या दाजीच्या दारात कायमचं बसायचं?" मी विचारलं.

"बसा कुठं म्हणते मी? माझा भाऊ दाजीच्याच तुरुंगात आहे. तुम्ही पहारा देता त्या." तिनं कोटाची घडी केली, परत मोडली. "जा म्हणायला जीभ वळत नाही, काका. थांबा म्हणायला लाज वाटते."

मामानं अस्तर लावून दिलं.

आपल्याकडून समिती येणार होती, ठरवायला. पुढारी एक चष्मेवाल्या बाई. त्यांनी आधीच कळवलं होतं: यांचं स्वतःचं सैन्य धारेवर उभं असेल तर आपण अजून दोन वर्षं हात देऊ. यांचं कुणी उभंच नसेल तर आपली पोरं घरी. मामाला हे कळलं तेव्हा त्यानं मशीन थांबवून मला विचारलं होतं, "तू रोज वर जातोस. धारेवर किती माणसं आहेत?"

"कावळे धरून की सोडून?"

तेव्हापासून मामा खुशीत होता. पोर घरी जाणार.

आणि मग मेव्हणा आला. बरोबर कापडाचे तागे, आपणच दिलेल्या मदतीतले.

"मामा, नवी पलटण भरती झाली. वर्द्या पाहिजेत. समितीच्या आधी."

"पाठवा माणसं. माप घेतो."

"माणसं डोंगरावर आहेत. फार कामात."

"मग मी टेप घेऊन डोंगरावर जातो."

"कशाला त्रास? सगळ्या एकाच मापाच्या शिवा. आमची पोरं एकसारखी आहेत."

"एकाच आईची सगळी?"

मेव्हणा पोट हलवून हसला आणि आमच्या कॅप्टनसाहेबांकडं बघितलं. साहेब भिंतीकडं बघत म्हणाले, "शिवून टाक मामा. वरून हुकूम आहे."

ते गेल्यावर मामा किती तरी वेळ कात्रीला हात लावेना. मग मला म्हणाला, "माझा वस्ताद सांगायचा, बिनमापाचं शिवू नकोस. बिनमापाचं कापड अंग शोधतं."

"अंग शोधतं म्हणजे?"

"शोधतं म्हणजे शोधतं. माणूस कपडा शोधतो, तसा कपडा माणूस शोधतो. म्हणून आधी माप घ्यायचं. म्हणजे त्याला कळतं, आपण कुणाचे."

"तुझा वस्ताद पीत होता का रे?"

"पीत होता," मामा म्हणाला. "पण कापताना नाही."

हुकूम म्हणजे हुकूम. मामानं शिवायला घेतलं. दिवसभर मशीनचा आवाज त्या बर्फखान्यात घुमायचा. वर्द्यांचे ढीग छताला टेकायला आले. मी ट्रक भरायला गेलो तेव्हा गंमत म्हणून एक शर्ट अंगात घातला आणि आरशापुढं उभा राहिलो.

"मामा, हा खांदा पडलाय बघ."

"तुझी पाठच वाकडी आहे. ट्रकवाल्यांची असते."

"अरे, डावा. बोटभर खाली."

मामा उठला. माझ्या खांद्यावरून हात फिरवला आणि हात तिथंच राहिला. मग त्यानं ढिगातला दुसरा शर्ट ओढला. तिसरा. मधला, तळातला, दारापाशी बांधलेल्या गठ्ठ्यातला. सगळ्यांचा डावा खांदा बोटभर खाली.

त्याला माप दिलं नव्हतं ना. डोकं दुसरीकडं होतं, आणि हातांना एकच माप तोंडपाठ होतं. हातांनी तेच कापलं.

मामा खाली बसला. "हे माझ्या पोराला शोधत जातील," म्हणाला.

मी हसलो. आता सांगताना वाटतं, हसलो नसतो तर बरं झालं असतं. "मामा, मेव्हण्यानं सगळ्यांना मामा बनवलं, तुला वेगळं बनवायची गरज नाही," असं काहीतरी बोललो आणि गठ्ठे चढवले. तो म्हणत होता, उसवतो, परत कापतो. पण वेळ कुठं होता.

धारेवर मेव्हण्याच्या माणसांनी खांब रोवून ठेवले होते. खांबाला आडवी काठी, वर पेंढा भरलेलं पोतं, त्यावर हेल्मेट. साधी बुजगावणी. मी बघत होतो तोवर ते भराभर वर्द्या चढवत गेले. ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. शेवटची वर्दी चढली, आणि ते लोक बोलता बोलता गप्प झाले. एकामागोमाग एक उतरणीला लागले, घाईनं, मागं न बघता. मग मी बघितलं. काठ्या सरळ होत्या. पण ती अख्खी रांग डावा खांदा पाडून उभी होती, आपला तराजू उभा राहतो तशी. जरा कंटाळून, जरा ऐटीत.

खाली चौकीवर पाण्याचे पिंप उतरवत होतो तर तराजू आला. पोर फार वाळलं होतं. त्या चौकीवर झोप नाही की धड जेवण नाही. खांदा दुखायचा म्हणून तो कापराचं मलम चोळायचा, त्याचा वास त्याच्या आधी पोचायचा.

"काका, वर आलेत ते कोण?"

"नवी पलटण."

"शिट्टी मारली तर उत्तर देत नाहीत. माजलेत का?"

"नवे आहेत. लाजत असतील."

दुसऱ्या दिवशी गेलो तर तो हसत नव्हता. "काका, काल ते तारेच्या पलीकडं होते."

मी वर बघितलं. काटेरी तार त्यांच्या मागं होती आता. खांब तिकडंच राहिले होते, रिकामे, आणि अलीकडच्या उतारावर वर्द्या उभ्या. दुपारच्या उन्हात. आतून कशानं उभ्या होत्या ते मी बघायला गेलो नाही. एक शर्ट चौकीजवळच्या काटेरी झुडपात अडकून लोंबत होता, तेवढा ओढून घेतला आणि थेट मामापुढं नेऊन टाकला.

बाहीला धूळ, कोपराला घासलेलं, काखेत घामाचं मीठ. नवा कोरा शर्ट, कुणी न घातलेला. मामानं कॉलर नाकाला लावली आणि माझ्याकडं दिली. कापराचं मलम.

"समितीला सांगायचं," मामा म्हणाला.

"काय सांगशील? कपडे चालतात म्हणून? वेड्यात काढतील."

"ते नाही सांगत. आत माणूस नाही एवढंच सांगतो. ते तर खरं आहे. ते कळलं की पलटण घरी, पोर घरी."

समिती आली त्या दिवशी बाईंना मीच नेलं. दरीच्या अलीकडं एक बंद पडलेली शाळा होती, तिच्या गच्चीवरून धार आणि खालचा उतार दिसायचा. बाई दुर्बीण घेऊन उभ्या. शेजारी मेव्हणा, दुभाषी ताई, आमचे मोठे साहेब. मामा मागं, सुईदोऱ्याचा डबा घेऊन. साहेबांचं बटण तुटलंय म्हणून मीच त्याला वर घुसवलं होतं.

बाईंनी बराच वेळ बघितलं. "भरपूर आहेत," म्हणाल्या. "पण सगळे असे खांदा पाडून का उभे?"

"आमची कवायतच तशी," मेव्हणा म्हणाला.

तेवढ्यात मामा पुढं झाला. "बाई, त्या वर्द्या मी शिवल्यात. आत माणूस नाही. खांबावर चढवायला नेल्या होत्या. माझा भाचा खाली चौकीवर आहे, त्याला घरी जाऊ दे."

मोठे साहेब बुटांकडं बघत होते. दुभाषी ताई मामाकडं बघत होती. हा माणूस तिचं मरण मागतोय हे तिला कळत होतं, आणि तिनं मान खाली घातली. विरोधात एक शब्द बोलली नाही. ते मी विसरलो नाही.

बाई रागावल्या नाहीत. दुर्बीण परत डोळ्याला लावली. "सोपं आहे," म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, हात वर करा."

मेव्हण्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण मागचा रंग उतरला. त्यानं वायरलेस तोंडापाशी नेला. पलीकडं ऐकायला कुणी नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी बोलला, न बोलून करतो काय.

आणि उतारावरचे हात वर गेले.

सगळे एकदम. डावा हात. उजव्यापेक्षा बोटभर कमी उचलला जाणारा. मेव्हण्यानं गच्चीचा कठडा धरला. मी शप्पथ घेऊन सांगतो, त्या गच्चीवर सगळ्यात जास्त तोच घाबरला होता.

बाईंनी दुर्बीण खाली ठेवली आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं पोर तिकडं आहे, कळतं मला. माझाही मुलगा आहे." मग साहेबांना म्हणाल्या, "दोन वर्षं."

झालं. एका शब्दात दोन वर्षं. मामा खरं बोलला आणि खोटा पडला, आणि खोटं होतं ते हात वर करून उभं राहिलं.

खाली उतरतोय तर चौकीवरून निरोप आला, तराजू जागेवर नाही. त्याचा जोडीदार वायरलेसवर सांगत होता: "आत्ता इथं होता. म्हणाला, वर मला बोलावतात. म्हणाला, सगळ्यांचा आवाज माझ्यासारखाच आहे."

मामाला शेजारी घेऊन मी ट्रक असा हाणला की इंजिन रडायला लागलं. चौकीपासून पुढं चालत. ऊन ओसरलं नव्हतं, सगळं लख्ख दिसत होतं, तेच वाईट होतं. रांगाच्या रांगा, सगळे डावा हात वर करून. हेल्मेटाखाली पोतं की तोंड ते मी बघितलं नाही, मामा म्हणाला बघू नकोस. सगळीकडं कापराचा वास.

"तराजू," मी हाक मारली. आणि सगळ्या रांगांमधून, हळू, एकाच आवाजात, "ओ" आलं.

मी मागं सरकलो. मामा मात्र थांबला, डोळे मिटले, आणि गळ्यातला टेप काढला.

"कसा शोधणार?" मी पुटपुटलो. "सगळे एकाच मापाचे."

"म्हणूनच," मामा म्हणाला. "माप जुनं आहे. पोर वाळलंय. या सगळ्यांना वर्दी बरोबर बसणार. जो सैल होईल तो आपला."

आणि तो रांगेतून चालत निघाला. प्रत्येकाच्या छातीला टेप, कॉलरमध्ये बोट. घट्ट. पुढचा. घट्ट. जसा दुकानात काम करायचा तसाच, मान खाली, ओठांत टाचणी धरल्यासारखे ओठ मिटून. मी त्याच्या शर्टाचं टोक धरून मागं. आम्ही पुढं जाऊ तसे मागचे जरा जवळ सरकत होते. पाऊल वाजत नव्हतं, कापड घासल्याचा आवाज तेवढा.

मग एका कॉलरमध्ये मामाची दोन बोटं गेली. तिथंच थांबला.

"ए वाळक्या," म्हणाला. "जेवत नाहीस ना?"

बटणं निघेनात. जणू काजं बुजली होती. मामानं खिशातली उसवायची सुरी काढली आणि डाव्या खांद्याची शिवण धरली. टाका-टाका. घाई केली नाही. शेवटचा टाका निघाला तसा शर्ट गळून पडला आणि आतून आमचं पोर मामाच्या अंगावर कोसळलं, गार, त्या बर्फखान्याच्या भिंतीसारखं. पहिला शब्द बोललं तो, "मामा, हात दुखतोय."

त्यानंतर मामा रोज माझ्या ट्रकमधून यायचा आणि भर उन्हात थोड्या थोड्या वर्द्या उसवायचा. उसवलेली वर्दी म्हणजे नुसतं फडकं. उतार रिकामा झाला. निदान खालच्या पोरांना तरी कळलं, की वर आपल्यासाठी कुणी नाही. पण दोन वर्षं ती दोन वर्षंच. तराजू त्याच चौकीवर, आणि मामा त्याच कारखान्यात.

भीती दोन दिवस टिकते, हाव जन्मभर. मेव्हणा पुन्हा आला. डोंगराकडं तो फिरकत नव्हता, पण डाव साधला होता ना. "मामा, अजून एक पलटण. ही राजधानीत, माझ्या बंगल्यापाशी, गोदामांवर. पाहुण्यांना दाखवायला. तेच माप चालेल."

"ते माप संपलं साहेब," मामा म्हणाला. "तुम्ही उभे राहा. असा दिसणारा शिपाई पाहुण्यांना आवडेल."

मेव्हणा खूश झाला आणि हात पसरून उभा राहिला. मामानं सावकाश माप घेतलं. गळा, खांदे, पोट. पोटाला टेप दोनदा फिरवला.

मी डिझेल घेऊन त्या बंगल्यावर जायचो. आधी ते पोटवाले पहारेकरी फाटकाबाहेर असायचे. मग फाटकाच्या आत. मग बागेत. मेव्हणा वरच्या खिडकीत दिसायचा, पडदा धरून. शेवटी गेलो तेव्हा सगळे पायऱ्यांवर होते, दार सताड उघडं, आणि उंबऱ्यात मेव्हण्याचे बूट. आत कुणी नव्हतं. बाहेर रांगेत एक जण जास्त होता का, ते मी मोजलं नाही. शोधायचंच असतं तर मामाची पद्धत होती. भीतीनं तोही वाळला असणार. पण टेप घेऊन त्याला शोधायला कुणी आलं नाही.

मेव्हणा गेला तसा दाजीचा कारभार आठवडाभर चालला नाही. विमान भरून तो कुठंतरी पळाला. ज्याच्यासाठी थांबलो तोच नाही म्हटल्यावर आम्हाला परत बोलावलं, मुदतीच्या आधीच. निघताना दुभाषी ताई फाटकाशी उभी होती, मामानं अस्तर लावलेला कोट घालून. तिला न्यायचा हुकूम नव्हता. मी ट्रक हळू केला. ती म्हणाली, "जा काका, तुम्हाला घर आहे." आरशात ती बराच वेळ दिसत होती. पुढं तिचं काय झालं ते मला ठाऊक नाही. विचारलं कुणी, की तिथं थांबायला पाहिजे होतं की नव्हतं, तर मला तो कोट दिसतो आणि तो उतार दिसतो, आणि मी दुसरं काहीतरी बोलतो.

मामानं पोर बहिणीच्या हवाली केलं. म्हणाला, "जसा नेला तसा." ती म्हणाली, "हाडं राहिलीत नुसती." "तीच बरी," मामा म्हणाला.

तराजूचे शर्ट अजून मामाच शिवतो. पोर आता भरलंय, पोट सुटलंय, लग्न झालंय. बायको कुरकुर करते, एवढे ढगळ शर्ट का म्हणून. मामा ऐकत नाही. कॉलरमध्ये दोन बोटं घालून बघतो, आरामात गेली तरच बटण लावू देतो.